लहान होडीस आउटबोर्ड यंत्र बसविण्याची रीत

वसई तालुक्याच्या दक्षिणेस उल्हास नदीचे पाणी समुद्रास मिळते ती वसईची खाडी आणि उत्तरेस अर्नाळ्याजवळ वैतरणा नदीचे मुख आहे. ह्या दोन पाण्यांच्या काठी व मधल्या किनाऱ्यावर पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा ही मच्छीमारांची जुनी गावे वसली आहेत. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळापासून (१९५१-५६) होड्यांना यंत्रे बसविण्याच्या कामास शासनाने उत्तेजन दिले आणि पुढील दोन-तीन दशकांत डोल जाळी ओढणाऱ्या मोठ्या नौकांवर डिझेल यंत्रे आली. शिडाचा जमाना मागे पडला.

परंतु लहान होडीचा प्रश्न निराळा आहे. खाडीत जाळे टाकणे, नांगरलेल्या मोठ्या नौकेपर्यंत खलाशी व सामान पोहोचविणे, पाणजूसारख्या बेटावर ये-जा करणे ही कामे लहान होडीवरच चालतात. अशा होडीच्या पोटात जड डिझेल यंत्र बसविण्यास जागा नसते. तिला योग्य ते आउटबोर्ड यंत्र, म्हणजे होडीच्या मागील फळीवर बाहेरून टांगावयाचे व हवे तेव्हा उचलून घरी नेता येणारे यंत्र. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अशा यंत्रांची विक्री सुरू केली. भारतात १९८० नंतरच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावरील लहान होड्यांनी त्यांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला.

हे यंत्र बसविण्यास कारखाना लागत नाही. मोजपट्टी, ओळंबा, सामता, पाने व एक चांगला सुतार एवढ्यावर दोन माणसे ते काम एका दिवसात करू शकतात. तरीही नवे यंत्र घेऊन निराश झालेला मच्छीमार किनाऱ्यावर अनेकदा भेटतो. यंत्र नुसतेच घरघरते, होडी पुढे सरत नाही, पेट्रोल मात्र भराभर संपते, अशी त्याची तक्रार असते. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसतो, तो मापाचा असतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी होडी मोजणे हे ह्या कामातील अर्धे काम होय. कर्ज काढून घेतलेले यंत्र ओहोटीच्या धारेत सुटून पाण्यात गेले, तर कुटुंबाची दोन-तीन वर्षांची मिळकत त्याबरोबर जाते; होडीत माणसे असतील तर त्याहून अधिकही जाऊ शकते. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

परवान्याचा विचार आधी

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये मासेमारी होडीस परवाना लागतो. वल्ह्यांच्या होडीस यंत्र लावले की तिचा वर्ग बदलतो. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीच मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जाऊन नोंदीत बदल करून घ्यावा. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या आदेशातून बिगर-यांत्रिक होड्यांना सूट असते, ती यंत्र लावलेल्या होडीस मिळत नाही. जे कुटुंब पावसाळ्यात खाडीतील वल्ह्यांच्या मासेमारीवर गुजराण करते, त्याने हा हिशेब आधी मांडावा व मगच निर्णय घ्यावा.

किती शक्तीचे यंत्र घ्यावे

जितकी अश्वशक्ती अधिक तितकी होडी वेगवान, हा समज लहान होडीस लागू पडत नाही. पाणी कापीत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवर ६ मीटर लांब असलेली होडी ताशी सुमारे ११ किलोमीटरपर्यंत सुखाने जाते. त्यापुढे कितीही जोर लावला तरी तिचा मागचा भाग खाली बसतो, नाळ वर उचलते आणि इंधन वाया जाते. ५ ते ७ मीटर लांबीच्या मासेमारी होडीस ८ ते १० अश्वशक्ती बहुधा पुरते. असे यंत्र पूर्ण वेगाने चालविल्यास तासाला चार लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. वेग थोडा कमी ठेवल्यास खर्च पुष्कळ उतरतो.

वजनाचाही विचार हवा. ह्या शक्तीचे दोन-स्ट्रोक यंत्र ३० किलोच्या आत-बाहेर भरते, चार-स्ट्रोक यंत्र ४० किलो किंवा अधिक. चार-स्ट्रोक यंत्र इंधन कमी खाते व धूर कमी करते, पण त्याचे ओझे होडीच्या अगदी शेवटच्या टोकावर पडते. ते घ्यावयाचे असल्यास इंधनाची टाकी, नांगर व मासळीच्या टोपल्या पुढे सरकविण्याची सोय करावी.

बॅटरीवर चालणारी लहान विद्युत यंत्रेही आता मिळतात. ती निःशब्द असतात व तळ्याच्या किंवा धरणाच्या संथ पाण्यात उत्तम काम देतात. पण साधा हिशेब पाहावा. १२ व्होल्टचे यंत्र पूर्ण जोराला ५० अँपिअर ओढीत असेल, तर त्याची शक्ती ६०० वॅट, म्हणजे एका अश्वशक्तीहूनही कमी होते. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये. तेव्हा ती ह्या जोराला जेमतेम एक तास पुरते. वसईच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीस तोंड देण्याचे काम अशा यंत्रावर सोपवू नये.

मापे कशी घ्यावीत

आउटबोर्ड यंत्राचे तीन भाग ध्यानात ठेवावेत: वरचे डोके, मधला लांब पाय आणि तळाशी असलेला पंखा. पंख्याच्या थोडे वर पायास एक आडवी पट्टी असते. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून ती दिलेली असते. होडी चालत असताना ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्याखाली अडीच सेंटिमीटरपर्यंत असावी, हा मुख्य नियम.

होडी किनाऱ्यावर ओढून पाण्यात तरंगते तशी सरळ ठेवावी. एक सरळ लाकडी पट्टी तळाला खालून टेकवून तिचे टोक मागे बाहेर काढावे. मागील फळीच्या वरच्या कडेचा मध्य काढून तेथून ओळंबा सोडावा आणि वरच्या कडेपासून त्या पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे. होडीची पठाण मागच्या टोकापर्यंत खाली उतरलेली असेल, तर माप पठाणीच्या खालच्या कडेपासून घ्यावे. नाहीतर पंखा पठाणीच्या आडोशाला येतो व फेसाळ पाण्यात फिरतो.

यंत्राचे पाय बहुधा दोन लांबींत मिळतात: आखूड पाय ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी आणि लांब पाय ५१ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी. उदाहरणार्थ, मोजलेली उंची ४५ सेंटिमीटर भरली. आखूड पायाचे यंत्र लावल्यास पट्टी तळाच्या ७ सेंटिमीटर वर राहील, पंखा हवा ओढील व यंत्र रिकामेच गरगरेल. लांब पायाचे लावल्यास पट्टी ६ सेंटिमीटर खाली जाईल. होडी चालेल, पण पाय पाण्यात अडून वेग मारला जाईल आणि डोके लाटेच्या जवळ येईल. येथे लांब पायाचे यंत्र घेऊन फळीच्या माथ्यावर ४ ते ५ सेंटिमीटर उंचीचा सागाचा ठोकळा पक्का बसवावा, म्हणजे माप जुळते.

उलट फळी ५६ सेंटिमीटर उंच असेल, तर लांब पायाच्या यंत्रासाठीही मध्यभागी ६ ते ७ सेंटिमीटर खाच पाडावी लागते. ही खाच म्हणजे लाटेला दिलेली वाट होय. म्हणून खाच पाडल्यास तिच्या आतील बाजूस होडीच्या रुंदीभर दुसरी आडफळी बसवावी व मधल्या कप्प्यात आलेले पाणी बाहेर जाण्यास छिद्रे ठेवावीत. अशी सोय न करता नुसती करवत चालविणे धोक्याचे आहे.

मागील फळीची तयारी

यंत्र होडीला ढकलते तेव्हा तो सर्व जोर ह्या एका फळीवर येतो. यंत्र पुढे चालत असता पाय फळीच्या खालच्या भागाला पुढे रेटतो, तर वरची कड मागे ओढली जाते. पंखा जमिनीला आपटला की मोठा हिसका बसतो. वल्ह्यांच्या होडीची जुनी फळी अशा कामासाठी बांधलेली नसते. तिला टोकदार सुई टोचून पाहावी. सुई सहज आत गेली, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर लाकूड आतून कुजले आहे असे समजून फळी बदलावी. वरून रंग देऊन काम भागवू नये.

फळी सागाची किंवा समुद्री प्लायवूडची असावी व यंत्र बसते तेथे तिची जाडी सुमारे ४ सेंटिमीटर असावी. यंत्राच्या पेचांचा जबडा किती उघडतो ते आधी पाहावे, नाहीतर जाड केलेली फळी जबड्यात मावत नाही. फळीच्या आतील बाजूस मध्यावर, पठाणीपासून फळीच्या माथ्यापर्यंत, एक भक्कम तिरका लाकडी आधार द्यावा. दोन्ही कोपऱ्यांत फळी व बाजू यांना जोडणारे आधार बोल्टने आवळावेत. नुसते खिळे हिसक्याने सैल होतात. फायबरच्या होडीत फळीचा गाभा बहुधा लाकडाचाच असतो. पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्यात पाणी शिरू शकते, म्हणून भोकाच्या कडा राळेने बंद केल्याशिवाय बोल्ट घालू नये.

ज्या होडीचे मागचे टोकही नाळेसारखे निमुळते आहे, तिला सपाट फळी नसते. तेथे मागच्या भागात दोन्ही काठांवर एक जाड आडवा वासा टाकून तो बरगड्यांना बोल्टने जोडावा आणि त्याच्या बाहेर आलेल्या टोकाशी उभी फळी बसवून तीवर यंत्र टांगावे. यंत्र एका अंगास आल्याने होडी दुसऱ्या अंगास वळू पाहते व सुकाणूधारकास सतत सावरावे लागते. म्हणून अशा रचनेत कमी शक्तीचे यंत्रच वापरावे.

यंत्र चढविणे व आवळणे

हे काम होडी किनाऱ्यावर असताना करावे. पाण्यात डोलणाऱ्या होडीत यंत्र चढविण्याची घाई करू नये. प्रथम होडीच्या आतील भक्कम जागी कडीचा बोल्ट बसवून त्यास साखळी किंवा जाड दोर बांधावा व त्याचे दुसरे टोक यंत्रास अडकवावे. हे यंत्र उचलण्यापूर्वी करावयाचे. साखळी यंत्र वळण्यापुरतीच सैल असावी. लांब सोडल्यास सुटलेले यंत्र पाण्यात बुडेलच.

दोघांनी यंत्र उचलून फळीच्या मध्यखुणेवर ठेवावे. आडवे करताना डोके नेहमी पायापेक्षा उंच राहील अशी काळजी घ्यावी, म्हणजे पायातील पाणी वर चढत नाही. दोन्ही पेचांना ग्रीस लावून ते आळीपाळीने, सारखे, हातानेच आवळावेत. पाइप घालून आवळल्यास जबडा तडकतो. पेचांवरच विसंबून राहू नये. यंत्राच्या पकडीस बोल्टांची भोके दिलेली असल्यास तेथून ८ मिलिमीटरचे स्टेनलेस पोलादाचे बोल्ट आरपार घालावेत. आतून रुंद चकत्या द्याव्यात व भोकात सीलंट भरावे. यंत्राचा पाय ॲल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात पितळ किंवा तांबे त्याला लागून राहिले तर ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणून पितळी बोल्ट वापरू नयेत आणि शेवाळ व शिंपले रोखण्यासाठी होडीस दिला जाणारा तांबेयुक्त रंग यंत्राच्या पायास लावू नये. पायावरील जस्ताचा तुकडा यंत्राऐवजी स्वतः झिजावा म्हणूनच बसविलेला असतो. त्यावर कोणताच रंग लावू नये.

पाय पुढे-मागे करण्यासाठी पकडीत भोके व एक खीळ असते. पट्टी पाण्याच्या पातळीला समांतर राहील त्या भोकात खीळ घालून आरंभ करावा. चालताना नाळ फार वर उचलली तर पाय फळीच्या जवळ घ्यावा. नाळ खाली दबली तर दूर करावा.

इंधन व पहिली दहा तास

दोन-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये वंगण तेल मिसळावे लागते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक यंत्रांस नेहमीसाठी ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. नवे असताना दुप्पट, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. तेल अदमासाने ओतू नये, मापाने घालावे. चार-स्ट्रोक यंत्रात तेल पेट्रोलमध्ये मिसळावयाचे नसते. ते निराळे भरून त्याची पातळी रोज पाहावी. केरोसीनवर चालणारे यंत्र पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसीनवर न्यावे व बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे.

सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते ओलावा ओढून घेते आणि टाकीच्या तळाशी पाणी साचते. म्हणून इंधन गाळूनच भरावे व यंत्र काही आठवडे बंद राहणार असल्यास टाकी आणि नळी रिकामी करावी. नवे यंत्र पहिले दहा तास सतत पूर्ण वेगाने चालवू नये.

पाण्यातील पहिली चाचणी

चाचणीची वेळ निवडणे हेही कामच आहे. ह्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणास भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहूनही अधिक फरक पडतो. तेवढे पाणी खाडीच्या अरुंद मुखातून सहा तासांत बाहेर धावते. नायगाव व भाईंदर यांमधील रेल्वे पुलांच्या खांबांशी ही ओढ सहज दिसते. नव्या यंत्राने अशा वेळी दगा दिला तर होडी समुद्राकडे वाहते. भरती चढत असताना यंत्र बंद पडले, तर तेच पाणी होडीला खाडीच्या आत घेऊन येते.

जुन्या माणसांचा आडाखा येथे उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. त्या सुमारास भरती पूर्ण होते आणि दिवस भांगाचे असल्याने पाण्याला ओढ कमी असते. वेळ भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून, पूर्ण भरतीच्या तासभर आधी सकाळी चाचणीस आरंभ करावा. होडीत वल्हे, नांगर, दोर व प्रत्येकास जीवरक्षक जाकीट असावे. यंत्र तात्काळ बंद करणारी दोरी सुकाणू धरणाऱ्याच्या मनगटास बांधावी. तो पाण्यात पडला तर यंत्र आपोआप थांबते; नाहीतर सुटी होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

यंत्र सुरू होताच डोक्याखालील छिद्रातून पाण्याची बारीक धार येते की नाही ते पाहावे. ही धार म्हणजे यंत्र थंड राहत असल्याची खूण होय. धार न दिसल्यास यंत्र ताबडतोब बंद करावे. खाडीतील प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीवर चिकटणे किंवा गाळाने छिद्र बुजणे, ही कारणे बहुधा असतात. कोरड्या जागी यंत्र क्षणभरही सुरू करू नये, कारण आतील रबरी पंखी पाण्याविना लगेच झिजते. पंधरा मिनिटांनी यंत्र थांबवून पेच व बोल्ट पुन्हा आवळावेत. नव्या लाकडात ते हमखास थोडे सैल होतात.

यंत्र गरगरते पण होडी हलत नाही, असे अचानक झाल्यास पंख्याची लहान खीळ तुटलेली असू शकते. खुंटा किंवा दोर लागताच मोठा भाग वाचविण्यासाठी ती स्वतः तुटते. दोन जादा खिळी व पक्कड होडीत कायम ठेवावी. डोलीच्या दोरांजवळ व जाळे ओढताना यंत्र बंद करून पाय वर उचलावा.

रोजची निगा

परत आल्यावर गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात पाय आडव्या पट्टीच्या वरपर्यंत बुडवून यंत्र पाच ते दहा मिनिटे मंद चालवावे, म्हणजे आतील मीठ व गाळ निघून जातो. पायातील दात्यांचे तेल पहिल्या दहा तासांनंतर व पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. ते दुधासारखे पांढरे दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. जस्ताचा तुकडा निम्मा झिजताच नवा लावावा.

यंत्र खाऱ्या पाण्यात पडलेच, तर बाहेर काढून नुसते उन्हात वाळवू नये; हवा लागताच आतील भाग गंजू लागतात. लगेच गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून पाणी निथळू द्यावे, आत तेल घालावे आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. आत वाळू गेल्याची शंका असल्यास दोरी ओढून ते फिरवू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावे

पावसाळ्यात होड्या शाकारून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात. हाच काळ मापे घेण्यास व मागील फळी दुरुस्त करण्यास सोयीचा. कार्यकर्त्याने गावातील सुतार व तांडेल यांना एका होडीपाशी एकत्र आणावे, सर्वांसमोर वर सांगितल्याप्रमाणे उंची मोजवून घ्यावी आणि प्रत्येक होडीचे माप तिच्या मालकास कागदावर लिहून द्यावे. तो कागद घेऊनच मच्छीमाराने दुकानात जावे. दुकानदार जे यंत्र पुढे करील ते घेण्याऐवजी होडीला लागेल तेच यंत्र मागणे मग त्याला शक्य होते. आषाढात फळी पक्की झाली, तर नारळी पौर्णिमेस होडी पाण्यात लोटताना यंत्राची चिंता उरत नाही.